पिनकोड कंपलसरी आहे

एक्स-रे मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये नवीन पेशंट टाकताना काही रकाने भरावेच लागतात. नाव, वय, लिंग, गाव, आणि आमच्या व्हर्जनमध्ये कोणीतरी ऑफिसात बसून हुशारी केल्यामुळे सहा आकडी पिनकोडसुद्धा. तो टाकल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. नागपूरला, अमरावतीला कोणाला याचा त्रास झाल्याचं मला तरी आठवत नाही. सर्व्हिसिंगच्या कामासाठी मी डिसेंबर २०२३ मध्ये मिझोरामला गेलो होतो, म्यानमारच्या सरहद्दीजवळच्या चंफाईला, तिथल्या एका छोट्या दवाखान्यात मशीनचं डिटेक्टर पॅनल कॅलिब्रेट करायचं होतं. काम चालू असताना सहज मागच्या नोंदी खालीवर केल्या तर सगळ्या पेशंटचा पिनकोड एकच. मला वाटलं टेक्निशियन आळशी असेल, कॉपी-पेस्ट मारत असेल. तसं म्हटलं पण त्याला, हसत हसत.

तो पंचविशीतला पोरगा होता, जेमतेम हिंदी, बरं इंग्रजी, गळ्यात गिटारचं पिक लटकवलेलं. तो काही बोलला नाही, एक नोंद उघडली आणि फोटो मोठा करून दाखवला. मांडीचं हाड होतं, एका जागी चूर झालेलं, आणि आजूबाजूला चारपाच पांढरेशुभ्र ठिपके. धातू एक्स-रेत असाच दिसतो, हाडापेक्षा पांढरा, कडा एकदम धारदार. इतकी वर्षं या लाइनीत आहे, गिळलेली नाणी पाहिली, खिळे पाहिले, शिलाई मशीनची सुई बोटात मोडलेली पाहिली. हे तसं नव्हतं. एक ठिपका साधारण तुटलेल्या नखाच्या आकाराचा, कॉन्ट्रास्ट वाढवला की त्याची एक बाजू वळलेली दिसत होती. पेशंट कुठला, म्हणून विचारलं. त्याने खिडकीकडे हात केला, पूर्वेला. तिकडे पिनकोड नसतो हो, म्हणाला, म्हणून आमचाच टाकतो.

मी म्हटलं मग सोपं आहे, सेटिंगमध्ये जाऊन तो रकाना ऑप्शनल करून टाकतो, दोन मिनिटांचं काम. तर म्हणतो कसा, नको, राहू दे. रकाना रिकामा सोडला तर उद्या कोणी यादी मागितली की तेवढेच लोक बाजूला निघतील. भरलेला असला की सगळे पेशंट.

मी पुढचं कॅलिब्रेशन करत राहिलो.

नंतर कितीतरी दिवस ते डोक्यात घोळत राहिलं, अजूनही राहतं. कारण आपली सगळी ट्रेनिंग उलटी असते ना, फॉर्म नीट भरा, माहिती अचूक द्या, चुकीची माहिती दिल्यास अर्ज बाद. आणि इथे एक शहाणा मुलगा मला शांतपणे सांगत होता की खरी माहिती भरली तर एखाद्याचं काय होईल सांगता येत नाही.

नागपूरहून निघताना मित्रांनी विचारलं होतं, बॉर्डरवर चाललास, पाकिस्तान दिसतो का तिथून? आपल्या डोक्यात बॉर्डर म्हणजे एकच. तारा, फ्लडलाइट, संध्याकाळी पाय आपटून झेंडा उतरवणं. म्यानमार म्हणजे पुस्तकातला ब्रह्मदेश, टिळकांचं मंडाले आणि रत्नागिरीचा थिबा राजा, झालं, तिथे आपला विषय संपतो. १६४३ किलोमीटरची सरहद्द आहे आपली त्या देशाशी आणि मी गेलो तेव्हा त्यातल्या जेमतेम दहाएक किलोमीटरला कुंपण होतं, तेही मणिपूरच्या मोरे गावाजवळ. गंमत बघा, मी भारतीय नागरिक, आधार कार्ड खिशात, तरी मिझोरामला जायला मला इनर लाइन परमिट काढावं लागलं, लेंगपुई विमानतळावर उतरून रांगेत उभं राहून, फोटो देऊन. आणि त्याच वेळी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना १६ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या डोंगरी लोकांना व्हिसा न घेता इकडून तिकडे जाता येत होतं. फ्री मुव्हमेंट रेजीम म्हणतात त्याला. म्हणजे तिथल्या माणसासाठी शेजारच्या देशातला मामा जवळचा आणि मी लांबचा पाहुणा. सुरुवातीला जरा लागलं मनाला, खोटं कशाला बोलू. मग ऐजॉलहून चंफाईपर्यंत सात-आठ तास सुमोत मागच्या सीटवर आदळत गेलो तेव्हा ते बरोबरच वाटायला लागलं.

रविवारी मिझोराम बंद म्हणजे बंद. चहाची टपरीसुद्धा नाही, सगळे चर्चमध्ये. म्हणून शनिवारीच दुपारी काम आटोपून त्या पोराच्या ओळखीच्या गाडीतून सरहद्दीवरच्या झोखावथर गावाला गेलो, चंफाईहून तासाभराच्या वर लागतो. खाली तियाऊ नदी, तिच्यावर पूल, पलीकडे म्यानमारचं रिखावदार. नदी म्हणजे काय, डिसेंबरात गुडघाभर पाणी, गोल दगड, बायका धुणं धूत होत्या. पोरं उड्या मारत अर्ध्यापर्यंत जायची आणि परत यायची, म्हणजे दिवसातून वीस वेळा देश बदलत होती. जेमतेम महिन्यापूर्वी, १२ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, चिन लोकांच्या (म्यानमारच्या चिन प्रांतातले, चीनशी संबंध नाही) सशस्त्र गटांनी समोरच्या बाजूला म्यानमारी लष्कराच्या दोन चौक्यांवर हल्ला केला होता, रिखावदार आणि खावमावी. दुसऱ्या दिवशी दोन्ही पडल्या आणि मग लष्कराची विमानं आली. सुमारे पाच हजार माणसं हाच पूल आणि हीच नदी ओलांडून अलीकडे आली. आणि त्यांच्या मागोमाग, चौकीतून पळालेले म्यानमारचे सैनिक. तेही इकडेच. चाळीसच्या वर होते, मिझोराम पोलिसांकडे गेले, हत्यारं टाकली, मग आपल्या हेलिकॉप्टरनी त्यांना मोरेला नेऊन पलीकडच्या तामूच्या बाजूने परत त्यांच्या सरकारच्या ताब्यात दिलं.

हे मला तिथे गाडीवाल्याने सांगितलं तेव्हा मी दोनदा विचारलं, म्हणजे ज्यांच्या बॉम्बमुळे लोक पळून आले ते आणि पळून आलेले एकाच गावात? हो म्हणाला, काही तास तरी. भात वाढला का त्यांना, असं मी विचारलं, कारण मला खरंच तेवढंच सुचलं. तो म्हणाला पोलिसांनी दिला असेल. गावातल्या लोकांनी मात्र पाच हजारांना वाढला, तांदूळ गोळा केला, पांघरुणं गोळा केली, यंग मिझो असोसिएशनची पोरं रात्रभर राबली. दुकानं उघडी होती मी गेलो तेव्हा. चिनी ब्लँकेट, सिगारेट, प्लॅस्टिकच्या चपला, ख्रिसमसचे कागदी तारे. दुकानदारीण बाई थर्मासमधून चहा ओतत होती आणि दुकानाच्या पत्र्याला एक भोक होतं, पावसाचं पाणी येऊ नये म्हणून त्यावर डांबराचा गोळा लावलेला. ते भोक गोळीचं की खिळ्याचं ते मी विचारलं नाही.

त्याच नदीची दुसरी एक गोष्ट आहे. जानेवारी २०२३ मध्ये म्यानमारच्या हवाई दलाने चिन नॅशनल आर्मीच्या कॅम्प व्हिक्टोरिया नावाच्या मुख्यालयावर लागोपाठ दोन दिवस बॉम्ब टाकले. हा कॅम्प नदीला अगदी लागून, समोर आपलं फारकॉन गाव. गावातले लोक म्हणाले बॉम्ब आमच्या बाजूला पडला, ट्रकचं नुकसान झालं. दिल्लीहून निवेदन आलं त्याचा मथितार्थ असा की आपल्या हवाई हद्दीचा भंग झालेला नाही, मात्र एक बॉम्ब नदीच्या पात्रात पडला. पात्रात! मला हे वाचून हसू आलं, आणि लगेच बाबांची आठवण आली, कारण आमच्या घरात या शब्दावरून आयुष्य गेलंय.

बाबा भूमापक होते, वर्धा जिल्ह्यात जन्म गेला मोजणी करण्यात. साखळी, नंतर टेप, प्लेन टेबल, उन्हात टोपी, सोबत दोन कोतवाल. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्यासोबत जायचो, निंबाखाली बसून भांडणं ऐकायचो. धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, भांडणं आमच्याकडे जगजाहीर आहेत, एक हात धुऱ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात पंधरा-पंधरा वर्षं काढतात. पण बाबा म्हणायचे धुरा परवडला, नाला नको. हद्द नाल्याने जात असेल तर खरी कटकट. नकाशात नाला एका जागी असतो, त्याला शंभर वर्षं झालेली असतात, आणि खरा नाला पुराबरोबर सरकत राहतो. एकाच्या शेताला गाळ मिळतो, दुसऱ्याचं शेत खचतं. मग अर्ज येतो, हद्द कायम करून द्या. बाबा जायचे, मोजायचे, खुंट्या ठोकायचे, दोघांच्या सह्या घ्यायचे. आणि त्यांचा अनुभव असा की खुंटी ठोकेपर्यंत जे दोघं एकाच नाल्यावर बैल पाजत होते ते खुंटी ठोकल्यावर पाजत नाहीत. एका गावात तर मोजणी झाल्याच्या तिसऱ्या दिवशी डोकी फुटली होती, आणि पंचनाम्यात बाबांची खुंटीच हत्यार म्हणून लिहिली गेली. ते मोजणीच्या विरोधात नव्हते हं, पगारच त्याचा होता. फक्त अर्ज घेऊन आलेल्या माणसाला ते एकदा विचारायचे, बापा, नक्की करायची का?

तियाऊच्या पुलावर उभं राहून मी तेच बघत होतो. मधली रेघ कुठून जाते? खोल पाण्यातून की काठांच्या मधोमध? विमानातून सुटलेल्या बॉम्बला हे कळतं का, आणि निवेदन लिहिणाऱ्याला मात्र ते फार नेमकं कळायला हवं असतं, कारण रेघेच्या अलीकडे पडला तर काहीतरी करावं लागेल.

पुलावरून डोंगराकडे बोट दाखवून गाडीवाला म्हणाला, त्या मागे रिह दिल. मिझो लोकांचं सगळ्यात पवित्र तळं, मेल्यावर आत्मा तिथून पुढे जातो अशी जुनी समजूत, आणि ते आहे म्यानमारमध्ये. त्यांच्यात विनोदच आहे की मिझोरामचं सगळ्यात मोठं तळं म्यानमारला आहे म्हणून. एरवी सहलीला जायचे लोक, ओळखपत्र ठेवून संध्याकाळपर्यंत परत. मी गेलो तेव्हा कोणी सहलीला जात नव्हतं. चिन काय, मिझो काय, गोत्रं एक, भाषा एकमेकांना कळते, गाणी एक. इंग्रजांनी आपल्या सोयीने रेघ मारली आणि १९३७ मध्ये ब्रह्मदेश वेगळा केला, तेव्हा यांना कोणी विचारलं नाही.

आणि उलटंही झालेलं आहे, हे मला माहीतच नव्हतं. मार्च १९६६ मध्ये मिझो नॅशनल फ्रंटचा उठाव झाला तेव्हा आपल्याच हवाई दलाने ऐजॉलवर बॉम्ब टाकले होते. आपल्याच शहरावर. शाळेत कधी शिकवलं नाही कोणी. तेव्हा इथले लोक जंगलात पळाले, कित्येक जण हीच नदी ओलांडून तिकडे गेले, तिकडच्यांनी ठेवून घेतलं. टेक्निशियनची आजी त्यातलीच. म्हणून २०२१ च्या फेब्रुवारीत म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, लोक यायला लागले आणि मार्चमध्ये केंद्राने सीमेवरच्या राज्यांना सांगितलं की यांना आत घेऊ नका, तेव्हा मिझोरामच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून सांगितलं की हे आमचेच लोक आहेत, आम्हाला तोंड फिरवता येणार नाही. ते मुख्यमंत्री झोरामथंगा, स्वतः कधीकाळचे बंडखोर, स्वतः जंगलात आणि परदेशात राहिलेले. तीस हजारांच्या वर माणसं ठेवून घेतली या राज्याने, अख्ख्या राज्याची लोकसंख्या आपल्या नागपूर शहराच्या निम्मी असेल नसेल.

हे सगळं वाचायला छान वाटतं, मलाही वाटलं होतं. पण सगळं छान नाहीये, आणि ते मला तिथेच लोकांनी सांगितलं, दिल्लीच्या माणसाने नाही. याच रस्त्याने हेरॉइन येतं, याच रस्त्याने नशेच्या गोळ्या, चंफाईच्या बातम्यांमध्ये दर आठवड्याला जप्ती. गाडीवाल्याचा धाकटा भाऊ त्यातच गेला. तो हे सांगताना स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. म्हणाला, आपले लोक आहेत, येऊ दे, पण सोबत काय येतं तेही बघायला पाहिजे ना. मणिपूर तेव्हा सात महिने जळत होतं आणि तिथे तर अर्ध्या लोकांच्या मते हीच उघडी सरहद्द सगळ्याचं मूळ होती. मला या वादात पडायची लायकी नाही, पण दीड हजार किलोमीटरवर नागपुरात बसून उघडी सरहद्द किती मानवी म्हणून कौतुक करणंही मला जमेना.

सुपारी तर थेट आमच्या दारात येते. नागपूर म्हणजे खर्रा, हे विदर्भाबाहेरच्यांना सांगायला नको. तंबाखू, चुना आणि सुपारीची भरड, पन्नीत टाकून घासून घासून ओला गोळा करायचा. ती सुपारी कुठून येते याचा आम्ही जन्मात विचार केला नव्हता. इंडोनेशियातून निघते, म्यानमारमार्गे येते, बर्मी सुपारी म्हणून रात्री या नद्या ओलांडते, ड्युटी चुकवून आसामातून ट्रकांनी निघते आणि तिची मोठी बाजारपेठ कुठली तर नागपूर. सडकी सुपारी म्हणून आमच्या पेपरात सारखं येतं, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत प्रकरण गेलं, ईडीच्या धाडी पडल्या. झोखावथरला मी पोत्यांची थप्पी पाहिली, ओलसर, आंबूस वास, आणि तो वास मला ओळखीचा होता. सीताबर्डीच्या टपरीवर लहानपणापासून घेतलाय तो. तिकडे नाक्यावर ज्याच्या हातात बंदूक तो पोत्यामागे पैसे घेतो, आधी लष्कर घ्यायचं, चौक्या पडल्यावर दुसरे घेतात. माझ्या बाजूला गाडीत बसून खर्रा घासणाऱ्या मित्राला मी हे सांगितलं तर म्हणाला, म्हणजे आपण युद्धनिधी देतोय का बे. आणि घासत राहिला.

मी परत आल्यावर महिन्याभरात, जानेवारी २०२४ मध्ये, दक्षिणेला लॉन्गतलाईच्या बाजूने अराकान आर्मी या म्यानमारमधल्याच दुसऱ्या एका सशस्त्र गटाच्या हल्ल्यातून पळालेले म्यानमारचे २७६ सैनिक आत आले. त्यांना न्यायला म्यानमारचं विमान लेंगपुईला आलं ते उतरताना रनवेवरून घसरलं, चौदा जण होते आत, काही जखमी झाले. मी त्याच रनवेवर उतरलो होतो म्हणून बातमी तीनदा वाचली. फेब्रुवारीत गृहमंत्र्यांनी फ्री मुव्हमेंट बंद करायची घोषणा केली, अख्ख्या सरहद्दीला कुंपणही. प्रत्यक्षात मात्र पुढे वर्षअखेरीला १६ चे १० किलोमीटर झाले आणि पास लागू झाला.

मग मे २०२५. मणिपूरच्या चांदेल जिल्ह्यात आसाम रायफल्सनी दहा जणांना मारलं. आपल्या बाजूचं म्हणणं, सशस्त्र अतिरेकी होते, गोळीबार झाला, चकमकीत मेले. लष्कराला न मानणाऱ्या म्यानमारच्या समांतर सरकारचं म्हणणं, ही तामूची आमची पोरं, लष्कराविरुद्ध लढणारी, चकमक झालीच नाही, पकडून मारलं. दोन्ही निवेदनांत मृतांचा आकडा तेवढा जुळतो, बाकी काहीच नाही. इतकी वर्षं तिकडची युद्धं इकडे सांडत होती, आता आपणही एक बाजू झालो की काय, असं मला वाटून गेलं आणि तो विचार मी लगेच बाजूला सारला, कारण सैन्याबद्दल असं मनात आणायची आपल्याला सवय नाही. आणि त्याच वर्षी जुलैत रिखावदारच्या आसपास पुन्हा गोळीबार, पुन्हा चारेक हजार माणसं नदी ओलांडून झोखावथरला. या वेळी लष्कर नव्हतंच. चिन लोकांचेच दोन गट एकमेकांशी लढत होते. एरवी दोघंही लष्कराविरुद्ध लढणारे.

तेव्हा त्या पोराला मेसेज केला. सगळं ठीक म्हणाला, मशीनपण ठीक. मग थोड्या वेळाने लिहिलं की आता सरकार आलेल्या सगळ्यांचे बोटांचे ठसे घेतंय, पोर्टलवर नोंदणी चालू झाली आहे. त्याच्याकडे आलेली एक बाई घाबरून विचारत होती की जुन्या एक्स-रेवर इथला पत्ता आहे, तो आता दाखवायचा की लपवायचा. तू काय सांगितलंस, मी विचारलं. उत्तर आलं, दुखणं असेल तर दाखव म्हटलं, नसेल तर घरी ठेव.

बाबांना हे सगळं मी जेवताना सांगत होतो, त्यांना ऐंशी पूर्ण झालीत, कान थोडे गेलेत, पण हद्दीचा विषय निघाला की ऐकू येतं. कुंपणाचं ऐकून त्यांनी घास खाली ठेवला. म्हणाले, नदी हद्द आहे तं कुंपण नदीत घालता येत नाही, पुरात खांब राहत नाही. आपल्याच काठावर मागे सरकून घालावं लागन. मग काठ आणि कुंपण यांच्या मधात जी जमीन जाते, घरं जातात, धुणं धुवायचा घाट जातो, ते कोणाच्या सातबाऱ्यावर? मी म्हटलं बाबा तिथे सातबारा नसतो. काहून नाही, म्हणाले, काहीतरी कागद असनच ना. आईने त्यांना कढी वाढली. ते म्हणाले, त्या पोराले विचार, मधात किती घरं येतात, आणि मग ताटाच्या कडेला बोटाने कढीची एक वाकडी नदी काढून तिच्या अलीकडे भाताची शितं मांडायला लागले, एक, दोन, तीन, आणि आई म्हणाली, जेवा आता.